बोलायला शिकावं लागतं



आपल्या वस्तीतल्या काही मुली कॉलेजात वक्तृत्वाच्या वर्गाला जातात. गेटसभेत घसा ताणून बोललेले आम्ही हसलो, 'बोलायला कसला वर्ग?' मग त्यांना विचारलं. म्हणाल्या, आधी मुद्दे लिहायचे, वेळ पाळायची, समोरच्याचं पुरतं ऐकायचं, मग उत्तर द्यायचं. यातलं आम्ही काहीच केलं नव्हतं!

बाबासाहेबांना याचं मोल ठाऊक होतं. १९४६ साली मुंबईत त्यांच्या संस्थेचं सिद्धार्थ कॉलेज निघालं. तिथे विद्यार्थ्यांची संसद भरे. ११ जानेवारी १९५० रोजी ते स्वतः त्या संसदेत हिंदू कोड बिलावर बोलले. १७ डिसेंबर १९४६ रोजी संविधान सभेत अध्यक्षांनी त्यांचं नाव अचानक पुकारलं, तरी सभागृह कान देऊन ऐकत राहिलं. ती तयारी एका रात्रीची नव्हती, अनेक वर्षांच्या अभ्यासाची होती.

मात्र याच मुली विहारात गप्प बसतात. कारण माईक आम्ही सोडत नाही. चूक आमची आहे. येत्या बुद्धजयंतीला पहिली भाषणं मुलींची. आम्ही खाली सतरंजीवर बसून ऐकू.

नमो बुद्धाय! जयभीम!