स्वतंत्र चित्रकर्त्याचें शिक्षण

सुशिक्षित कुटुंबांत हा प्रसंग आतां नवा राहिलेला नाहीं. मुलगा किंवा मुलगी पदवीधर होते. वडील पुढील परीक्षेच्या व नोकरीच्या गोष्टी काढतात. आणि उत्तर येतें कीं, चित्रपटकलेचें पदव्युत्तर शिक्षण घ्यावयाचें आहे. घरांत क्षणभर कोणी बोलत नाहीं. मग आई विचारते, "पुढें काय?" हा प्रश्न अडाणीपणाचा नाहीं. वैद्यकाचा पदवीधर दवाखाना थाटतो, कायद्याचा पदवीधर सनद घेतो. परंतु कोणा धनिकाच्या पदरीं न राहतां स्वतःच्या बुद्धीनें चित्रपट काढूं इच्छिणाऱ्याला तीन वर्षें शिकवावयाचें तें काय, आणि तें शिकून त्यानें जगावयाचें कसें? या प्रश्नाचें उत्तर पुण्याच्या एका आवाराच्या इतिहासांत बरेंचसें सांपडतें.

हें आवार प्रभात फिल्म कंपनीचें. कोल्हापुरास १९२९ सालीं स्थापन झालेली ही कंपनी १९३३ सालीं पुण्यास आली. दामले, फत्तेलाल, शांताराम या तिच्या चालकांपैकीं कोणीही चित्रपटाच्या शाळेंत गेला नव्हता. कारण तशी शाळाच देशांत नव्हती. त्यांची शाळा म्हणजे बाबूराव पेंटर यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी. तेथें वर्ग नव्हते, परीक्षा नव्हत्या. हातीं पडेल तें काम करतां करतां ही मंडळी तयार झाली. आणि त्या तयारीचें फळ असलेला 'संत तुकाराम' १९३७ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत गौरविला गेला. परंतु उमेदवारीची ही पद्धति पगारी नोकर बाळगणाऱ्या कंपन्यांच्या आधारावर उभी होती. महायुद्धानंतर चित्रपटांत मोकाट पैसा आला, नामवंत नटांचे मोबदले वाढले, आणि कायमचीं माणसें बाळगणाऱ्या जुन्या कंपन्या एकामागून एक ढांसळल्या. प्रभातही १९५३ सालीं बंद पडली. कंपन्यांबरोबर त्यांच्या आश्रयानें चालणारें शिक्षणही गेलें.

ही उणीव सरकारनें नेमलेल्या एका समितीच्या आधींच ध्यानांत आली होती. स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखालीं १९४९ सालीं नेमलेल्या या चौकशी समितीनें १९५१ सालच्या अहवालांत शिक्षणसंस्था व अर्थसाहाय्याचें मंडळ यांची शिफारस केली. त्यानंतर १९६० सालीं प्रभातच्याच आवारांत फिल्म इन्स्टिट्यूट उघडली. त्याच वर्षीं चित्रपटांना कर्ज देणारें फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन निघालें. आणि १९६४ सालीं जुन्या चित्रपटांचें जतन करणारा राष्ट्रीय संग्रह पुण्यांतच सुरू झाला. शाळा, भांडवल आणि ग्रंथालय अशी ही योजना होती. या तिहींपैकीं एकही अंग लुळें पडलें, तर उरलेलीं दोन फार दूर चालत नाहींत, हें पुढील इतिहासानें दाखविलें.

शाळेंत काय शिकवितात? दिग्दर्शन, छायालेखन, ध्वनिमुद्रण, संकलन, कलादिग्दर्शन या शाखा सर्वांना ठाऊक असतात. परंतु खरें शिक्षण टंचाईचें असतें. पस्तीस मिलिमीटरची फिल्म मिनिटाला नव्वद फूट या वेगानें धांवते. हजार फुटांचें रीळ अकरा मिनिटांत संपतें. विद्यार्थ्याच्या हातीं मोजकी फिल्म दिली कीं कॅमेरा सुरू करण्यापूर्वींच तो विचार करूं लागतो. हें दृश्य दुरून घ्यावें कीं जवळून, पात्र बोलत असतां पाहावयाचें कोणाकडे, येथें शांतता हवी कीं रस्त्याचा आवाज, हें त्याला आधींच ठरवावें लागतें. आज डिजिटल कॅमेऱ्यानें फुटांचा हिशेब संपविला आहे. पाहिजे तितकें चित्रण करतां येतें, आणि म्हणूनच निवड करण्याची संवय मुद्दाम लावावी लागते.

दुसरा पाठ सहकार्याचा. दिग्दर्शनाचा विद्यार्थी एकट्यानें कांहींच करूं शकत नाहीं. छायालेखनाचा विद्यार्थी त्याच्यासाठीं कॅमेरा धरतो, तिसरा ध्वनि घेतो, चौथा सर्व तुकडे जुळवितो. मनांतील अस्पष्ट कल्पना या सोबत्यांना पटवून देतां देतांच ती स्पष्ट होते. कधीं ती पोकळ असल्याचेंही तेथेंच उघड होतें. १९६५-६६ च्या सुमारास ऋत्विक घटक या संस्थेंत थोडा काळ अध्यापक होते. स्वतःच्या बहुतेक चित्रपटांना हयातींत प्रेक्षक न लाभलेल्या या कलावंताची मोठी छाप मणि कौल, कुमार शहानी, जॉन अब्राहम या विद्यार्थ्यांवर पडली. तिघेही पुढें अगदीं वेगवेगळ्या वाटांनीं गेले, हा त्या अध्यापनाचा गुणच म्हटला पाहिजे.

शेवटची कसोटी म्हणजे पदविकेचा चित्रपट. तो खपेल काय, असें कोणी विचारीत नाहीं. चुकण्याची एवढी मोकळीक चित्रकर्त्याला आयुष्यांत पुन्हां क्वचितच मिळते. परंतु याच मोकळिकींत एक धोका दडलेला असतो. पैसा कोठून आला आणि प्रेक्षक कोठून येणार, या दोन गोष्टी न शिकतांच विद्यार्थी फाटकाबाहेर पडतो.

१९६९ सालचीं दोन उदाहरणें या दृष्टीनें बोलकीं आहेत. मृणाल सेन यांचा 'भुवन शोम' आणि मणि कौल यांचा 'उसकी रोटी' हे दोन्ही चित्रपट त्याच कॉर्पोरेशनच्या साहाय्यानें निघाले, आणि दोहोंचें छायालेखन पुण्याच्याच संस्थेंत शिकलेल्या के. के. महाजन यांनीं केलें. पहिल्याला प्रेक्षक मिळाले. दुसऱ्याला जाणकारांची वाहवा मिळाली, पण सामान्य चित्रपटगृहांत स्थान मिळालें नाहीं. कर्जानें चित्रपट तयार होतो. पण तो दाखविणार कोण, हा प्रश्न कर्जानें सुटत नाहीं.

तो सोडविण्याचा प्रयत्न कांहीं विद्यार्थ्यांनीं स्वतः केला. अडूर गोपालकृष्णन १९६५ सालीं शिक्षण संपवून केरळांत परतले. त्यांनीं व त्यांच्या मित्रांनीं प्रथम चित्रपट काढला नाहीं. 'चित्रलेखा' नांवाचें प्रेक्षकमंडळ काढलें, चांगले चित्रपट पाहण्याची गोडी लोकांना लावली, आणि चित्रनिर्मितीची सहकारी संस्था उभारली. त्यांचा पहिला कथापट 'स्वयंवरम्' १९७२ सालीं पडद्यावर आला. मध्यें सात वर्षें गेलीं; पण चित्रपट आला तेव्हां त्याला पाहणारे डोळे तयार होते. त्यास उत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

पुण्याच्या विद्यार्थ्यांनीं 'युक्त' नांवाची सहकारी संस्था काढून तेंडुलकरांच्या नाटकावरून १९७६ सालीं 'घाशीराम कोतवाल' हा चित्रपट केला. त्याच्या दिग्दर्शनावर एकाचें नांव नाहीं, अनेकांचीं आहेत. जॉन अब्राहम यांनीं तर सावकार, सरकार दोघांनाही वगळलें. त्यांच्या 'ओडेसा' मंडळींनीं केरळांतील गांवोगांव चित्रपट दाखविले, लोकांपुढें झोळी धरली, आणि त्या वर्गणींतून १९८६ सालीं 'अम्मा अरियान' पुरा केला. पुढच्याच वर्षीं अब्राहम वारले. एका माणसाच्या तेजावर चाललेली वाट त्या माणसाबरोबर अंधारली, ही तिची मर्यादाही लपवूं नये.

याच संस्थेच्या विद्यार्थिनी पायल कापडिया यांच्या 'ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट' या चित्रपटास २०२४ सालीं कान येथें ग्रां प्री हा मान मिळाला. मुंबईंत राबणाऱ्या केरळी परिचारिकांची आणि कोंकणांत आपल्या गांवीं परतणाऱ्या त्यांच्या मैत्रिणीची ती कथा. तिच्यासाठीं फ्रान्स, भारत, नेदरलंड्स, लक्झेंबर्ग व इटली अशा पांच देशांतून निर्मितीचें बळ जमलें. काळ बदलला, झोळी मोठी झाली. पण ती फिरवावी लागलीच.

तेव्हां स्वतंत्र चित्रकर्ता म्हणजे एकटा चित्रकर्ता नव्हे. जे टिकले त्यांनीं आपले सोबती, आपलें भांडवल आणि आपले प्रेक्षक स्वतः जमविले. हें जमविणें ही कलेबाहेरची कटकट नसून त्या शिक्षणाचाच उत्तरार्ध आहे, आणि तो अभ्यासक्रमांत कॅमेऱ्याइतक्याच मानानें बसला पाहिजे. उरलेला वाटा समाजाचा. परदेशांत गाजलेल्या चित्रपटाचें कौतुक करणाऱ्या घरांनीं तोच चित्रपट गांवांत लागला असतां तिकीट काढलें, तर तीन वर्षांच्या शिक्षणावरील सार्वजनिक खर्च वायां गेला असें म्हणण्याची पाळी येणार नाहीं.

राहिला आईचा प्रश्न. तो तिनें अवश्य विचारावा. मात्र त्याला आणखी एक जोडावा. तीन वर्षांनीं मुलगी पदविका घेऊन घरीं येईल, तेव्हां "पुढें काय?" याच्या आधीं "बरोबर कोण कोण आहे?" असें विचारावें. या प्रश्नाला चार-पांच नांवांचें उत्तर मिळालें, तर शिक्षण सत्कारणीं लागलें असें समजण्यास हरकत नाहीं.