दप्तर आणि नागरिक



शाळेच्या व्यासपीठावरून सरकारी दप्तराविषयी बोलणे काहींना रूक्ष वाटेल. परंतु शाळा हीच अनेकांच्या आयुष्यातील पहिली नोंद करणारी संस्था होय. जन्म-मृत्यू नोंदणीचा केंद्रीय कायदा १९६९ साली झाला आणि बहुतेक राज्यांत तो १९७० पासून अमलात आला. त्यापूर्वी जन्मलेल्या कित्येकांच्या जन्मतारखेचा एकमेव लेखी पुरावा म्हणजे शाळेच्या दाखल-खारिज रजिस्टरातील एक ओळ. निवृत्तिवेतन असो वा पारपत्र, शेवटी त्या ओळीपाशी यावे लागते.

वकिलीच्या दीर्घ व्यवसायात मला एक गोष्ट पुनःपुन्हा जाणवली. नोंद असणे आणि ती सापडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. जी नोंद नागरिकाला सापडत नाही, ती त्याच्यापुरती नसल्यासारखीच असते. म्हणून दप्तर शोधण्याची विद्या ही मी नागरिकत्वाचाच एक भाग मानतो.

आपल्या शहरात या विद्येचा पहिला धडा म्हणजे सन विचारणे. दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून १८१० च्या सुमारास लष्कर वसले. त्याच्या शेजारी किल्ल्याखालचे जुने ग्वाल्हेर आणि मुरार अशी तिन्ही गावे मिळून आजचे शहर झाले. १८८६ पर्यंत किल्ला व मुरारची छावणी इंग्रजी फौजेच्या ताब्यात होती. तेथील त्या काळचे कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात किंवा लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत शोधावे लागतात. २८ मे १९४८ रोजी मध्यभारत अस्तित्वात आले. ग्वाल्हेर व इंदूर अशा त्याच्या दोन राजधान्या होत्या आणि विधानसभा आपल्या मोतीमहालात भरे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य प्रदेश झाला व राजधानी भोपाळला गेली. राजस्व मंडळ, महालेखापालांचे कार्यालय आणि उच्च न्यायालयाचे खंडपीठ मात्र ग्वाल्हेरच्या वाट्यास आले. राज्य बदलले की दप्तराचा धनी बदलतो. म्हणून ‘कागद कोठे आहे?’ याआधी ‘कागद कोणत्या राज्यात लिहिला गेला?’ हे विचारावे.

दुसरा धडा नावाचा. आपण मराठी, आणि दप्तर हिंदी. हिंदी लेखनात सामान्यतः ‘ळ’ नसतो. त्यामुळे काळे यांचे ‘काले’ होतात. शोध घेताना दोन्ही रूपांनी घ्यावा. याहून बिकट प्रश्न स्त्रियांचा. आपल्याकडे लग्नानंतर आडनावाबरोबर पुष्कळदा मूळ नावही बदलत असे. माझ्याकडे आलेल्या एका वृद्ध विधवा भगिनींचे शाळेतील नाव एक, सासरचे दुसरे आणि मतदारयादीतील तिसरे होते. ‘या तिन्ही बाई एकच, हे सिद्ध करा,’ असे त्यांना एका कार्यालयात सांगण्यात आले. त्यांच्या जवळ पुरावा होता, पण तो तीन ठिकाणी विखुरलेला होता. शाळेचा दाखला, लग्नपत्रिका आणि पतीच्या सेवापुस्तिकेतील नामनिर्देशन यांची सांगड घालण्यात आठ महिने गेले. तोवर त्यांचे कुटुंबनिवृत्तिवेतन थांबलेलेच होते.

तिसरा धडा घराजमिनीचा. पुण्या-मुंबईस स्थायिक झालेले माजी विद्यार्थी सातबारा आणि फेरफार विचारतात. येथे त्यांना खसरा, खतौनी व नामांतरण म्हणतात. शहरात सरकारी मालकीची नजूल जमीन आहे काय, हेही पाहावे लागते. महानगरपालिकेची करपावती किंवा नामांतरण म्हणजे मालकी नव्हे, हे न्यायालयांनी अनेकदा सांगितले आहे. मालकीचा शोध उपनिबंधकाच्या कार्यालयात घ्यावा. १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या ५७ व्या कलमानुसार स्थावर मालमत्तेच्या दस्तांचे पुस्तक व त्याची सूची शुल्क भरून कोणालाही पाहता येते. त्यासाठी कोणाची मेहेरबानी लागत नाही. महसुली कागदाची नक्कल जिल्हाधिकारी कार्यालयाच्या अभिलेखागारातून रीतसर अर्ज करून मिळते.

नागरिकाच्या हाती आता आणखी दोन साधने आहेत. १९७५ साली राजनारायण खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक कारभार जाणण्याचा जनतेचा हक्क मान्य केला. त्याला २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने प्रत्यक्ष रूप दिले. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची मुदत, आणि अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठविण्याचे बंधन. या शेवटच्या तरतुदीचे मोल टेबलामागून टेबल फिरलेल्या माणसालाच कळेल. दुसरे साधन आपल्याच राज्याचे. लोकसेवा हमीचा कायदा मध्य प्रदेशाने २०१० साली देशात सर्वप्रथम केला. ठरलेल्या मुदतीत सेवा न दिल्यास दोषी अधिकाऱ्यास दररोज २५० रुपये, कमाल ५,००० रुपये दंड होऊ शकतो. महाराष्ट्राने असा कायदा २०१५ साली केला. मात्र अर्जाची पोचपावती घेतली नाही, तर ही मुदत कोठून मोजणार? म्हणून लोकसेवा केंद्रातील ती चिठ्ठी अर्जाइतकीच जपावी.

शेवटी एका धोक्याकडे लक्ष वेधतो. शिंदेशाहीतील पुष्कळ लेखन मोडी लिपीत आहे. लष्करातील जुन्या वाड्यांतून आजही मोडी कागदांची बासने निघतात आणि वाचता येत नाहीत म्हणून रद्दीत जातात. २०२३ साली महाराष्ट्रात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची उणीव सर्वांस जाणवली. कागद उरतो आणि वाचणारा उरत नाही, तेव्हा तो कागद मुका होतो. एखादे खत, एखादी सनद, एखादी सोयरिकीची याद हाती असूनही तिचा वारस परका ठरतो.

माझी विनंती मोठी नाही. प्रत्येक माजी विद्यार्थ्याने आपल्या घरातील कागदांची एक यादी करावी: कागद कशाचा, कोणत्या सनाचा, कोणाच्या नावाचा, कोठे ठेवला. घरातील स्त्रियांची माहेरची व सासरची नावे त्या यादीत आवर्जून लिहावीत. आणि शाळेने सुटीत मोडीचा एक वर्ग चालवावा. कागद हरवल्यावर न्याय मागण्यापेक्षा तो आधी जपणे केव्हाही सोपे असते.