विमानविद्येचें कॉलेज कसें निवडावें

बारावीची परीक्षा आटोपली कीं आमच्या पालघर जिल्ह्यांत घरोघर एकच प्रश्न निघतो: आतां पुढें काय? पूर्वीं त्याचें उत्तर ठरलेलें असे. तारापूरचें अणुवीज केंद्र १९६९ सालीं सुरू झालें, बोईसरला कारखाने उभे राहिले, आणि मुलगा मेकॅनिकल किंवा केमिकल शिकला म्हणजे घराजवळच पोटापाण्याला लागेल, असा हिशेब वडील मंडळी करीत. अलीकडे कित्येक मुलें-मुली निराळेंच नांव घेतात. २०२३ च्या ऑगस्टांत चंद्रयान ३ चंद्रावर उतरलें, तें त्यांनीं घरीं बसून पाहिलें. आतां त्यांना एरोस्पेस इंजिनियरिंग, म्हणजे विमानें व अग्निबाण घडविण्याची विद्या शिकावयाची आहे. इच्छा उत्तम आहे. परंतु कॉलेजची निवड मात्र पुष्कळदां जाहिरातींतील विमानाचें चित्र पाहून होते. चार वर्षांच्या फीपायीं जमीन गहाण पडते, कोळ्याची होडी विकली जाते. म्हणून याचा थोडा शांतपणें विचार केला पाहिजे.

पहिली गोष्ट अशी कीं, विमानाशीं संबंध असलेले तीन निरनिराळे धंदे आपण एकच समजतों. विमान चालविणारा तो वैमानिक. त्याला पदवी नव्हे, परवाना लागतो, आणि व्यावसायिक परवान्यासाठीं दोनशें तास उड्डाण करावें लागतें. विमान तपासून व दुरुस्त करून उड्डाणास योग्य ठरविणारा तो देखभालीचा इंजिनियर; त्यालाही नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा परवाना हवा. तिसरा तो विमानाची आंखणी करणारा. एरोस्पेसची पदवी त्याच्यासाठीं आहे. तिन्ही कामें सन्मानाचीं आहेत, पण त्यांचे दरवाजे वेगळे आहेत. पैसे भरण्यापूर्वीं “येथें शेवटीं हातीं काय पडेल, पदवी कीं परवाना?” एवढा एक प्रश्न पालकांनीं विचारला, तरी पुढचा मनस्ताप वांचेल.

आतां ही पदवी उत्तम रीतीनें कोठें मिळते तें पाहूं. आपल्याला सर्वांत जवळची जागा म्हणजे पवईची आय.आय.टी. मद्रास, कानपूर व खरगपूर येथील आय.आय.टी.मध्येंही ही शाखा आहे. अवकाश विभागानें २००७ सालीं तिरुवनंतपुरम् येथें यासाठींच एक स्वतंत्र संस्था काढली. अब्दुल कलाम ज्या मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजींत शिकले, तेथेंही हा विषय जुना आहे. आय.आय.टी.साठीं जे.ई.ई.च्या दोन पायऱ्या चढाव्या लागतात. तिरुवनंतपुरम्‌ला त्याच परीक्षेचे गुण धरतात, पण अर्ज निराळा करावा लागतो. पहिल्या पायरीची प्रश्नपत्रिका मराठींतही मिळते. दुसरीची मात्र केवळ हिंदी व इंग्रजींत असते. मराठी शाळेंतून आलेल्या मुलांनीं अकरावीपासूनच शास्त्रीय शब्द दोन्ही भाषांत पाठ करावे, तें याकरितां.

फीच्या धास्तीनें कोणी मागें सरूं नये. आय.आय.टी.मध्यें अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना शिकवणीची फी माफ असते. जव्हार-मोखाड्याच्या वारली, कोकणा व कातकरी घरांपर्यंत ही गोष्ट पोंचली पाहिजे. इतरांतही ज्या कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आंत आहे त्याला पूर्ण माफी, आणि पांच लाखांपर्यंत दोन तृतीयांश माफी मिळते.

परंतु या जागा थोड्या, आणि मागणारे पुष्कळ. ज्यांना तेथें प्रवेश मिळत नाहीं त्यांनीं काय करावें? येथेंच खरी परीक्षा असते. कारण “एरोस्पेस” अशी पाटी लावलेलीं खासगी कॉलेजें दूरदूर आहेत, आणि तीं सर्वच सारखीं नाहींत. माझें सांगणें एवढेंच कीं, पाटी पाहूं नका, प्रयोगशाळा पाहा. सातपाटीच्या वृद्ध कोळ्यांना ठाऊक आहे कीं, वारा तिरपा असला तरी शीड नीट धरल्यास होडी पुढें ओढली जाते. विमानाचा पंख हा त्याच शिडाचा भाऊबंद आहे. पंखावर वारा कसा वाहतो, हें विंड टनेल नांवाच्या वाऱ्याच्या बोगद्यांत पाहावयास मिळतें. तो बोगदा कॉलेजांत आहे काय, आणि असला तर चालू आहे कीं कुलपांत, हें कामाच्या दिवशीं स्वतः जाऊन पाहावें. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला विचारावें, “तूं स्वतः कोणते प्रयोग केलेस?” कायम शिक्षक किती, त्या शाखेला एन.बी.ए.ची मान्यता आहे काय, हेंही पाहावें. सबंध कॉलेजचें नांव मोठें असून नेमकी आपली शाखा दुबळी असूं शकते.

आणि तसें कॉलेज मिळालें नाहीं तर? तर चांगल्या कॉलेजांत मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्स घ्यावें; त्यानें स्वप्न मोडत नाहीं. पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजांत एरोस्पेसची पदवी नव्हती. तरी तेथील निरनिराळ्या शाखांच्या मुलांनीं सुमारें एक किलो वजनाचा “स्वयम्” उपग्रह बनविला, आणि २२ जून २०१६ रोजीं तो पी.एस.एल.व्ही.नें अवकाशांत नेला. त्याच वर्षीं सप्टेंबरांत पवईच्या विद्यार्थ्यांचा “प्रथम” गेला. एकाजवळ त्या विद्येची शाखा होती, दुसऱ्याजवळ नव्हती. काम करणारे हात मात्र दोन्हीकडे होते. आपले वसंतराव गोवारीकर हे रसायन अभियांत्रिकी शिकलेले. त्यांनीं अग्निबाणाच्या घन इंधनाचें काम उभें केलें आणि पुढें विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक झाले. अग्निबाणाला इंधन लागतें, धातु लागतो, वीज लागते, गणित लागतें; एका शाखेनें तो उडत नाहीं. आमचें तारापूरचें केंद्र तरी एकट्या अणुशास्त्रज्ञांवर कोठें चालतें?

शिवाय पदवीनंतर गेट परीक्षा देऊन मेकॅनिकलच्या पदवीधराला पवईस किंवा बंगलोरच्या विज्ञान संस्थेंत एरोस्पेसच्या पुढील शिक्षणास जातां येतें. ही बंगलोरची परंपरा जुनी आहे. १९४२ सालीं तेथें विमानविद्येचा विभाग निघाला, तेव्हां त्याच्या आरंभींच्या अध्यापकांत कोल्हापुराकडील एका खेड्यांत जन्मलेले विष्णु माधव घाटगे होते. जर्मनींत प्रांटल यांच्याजवळ वायुगतिशास्त्र शिकून ते परत आले होते. त्यांनीं आंखलेलें एच.टी.-२ हें शिकाऊ विमान १९५१ सालीं उडालें.

म्हणून विद्यार्थ्यांनो, पवईची जागा मिळाली तर आनंदानें घ्या. न मिळाली तर केवळ नांवाच्या मोहानें बापाला कर्जांत घालूं नका; जेथें गणित पक्कें होईल आणि हाताला यंत्र लागेल, तें कॉलेज निवडा. पालकहो, तुम्हींही मुलाला नुसते पैसे देऊं नका. एक दिवस रजा काढून त्याच्याबरोबर तें कॉलेज पाहावयास जा.