पुरळ नसताना सुटणारी खाज



हरिहरेश्वरच्या दमट, खाऱ्या हवेत अंगाला खाज सुटणे ही नित्याची बाब मानली जाते. घामोळे, नायटा, खरूज ही तिची सामान्य कारणे होत. परंतु अंगावर पुरळ नसताना तळहात व तळपाय खाजू लागले आणि रात्री खाज वाढून झोप उडू लागली, तर तिचे मूळ यकृतात असू शकते. पित्ताचा प्रवाह अडला की त्यातील द्रव्ये रक्तात साचतात व खाज उठते. डोळे पिवळे, लघवी गडद किंवा शौच पांढुरके झाल्यास ही शंका बळावते.

अशा वेळी काविळीची माळ घालून दिवस दवडू नयेत. सरकारी रुग्णालयात रक्ततपासणी करून घ्यावी. गरोदरपणाच्या अखेरच्या महिन्यांत अशी खाज सुटल्यास गर्भालाही धोका संभवतो, म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

नखे कापावीत, सुती सैल कपडे वापरावेत, कढत पाण्याने स्नान टाळावे, खाजेच्या जागी गार ओले फडके ठेवावे, कोरड्या त्वचेस खोबरेल लावावे. खाजेच्या नेहमीच्या गोळ्या येथे बहुधा पुरत नाहीत. डॉक्टर कोलेस्टिरामीन देतात, तेव्हा इतर औषधे त्याच्या १ तास आधी किंवा ४ ते ६ तासांनंतर घ्यावीत.

खाजवणाऱ्या माणसाला लोक अस्वच्छ समजून दूर ठेवतात. यकृताच्या विकाराने उठणारी खाज मात्र स्पर्शाने लागत नाही, हे शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी गावाला समजावून सांगितले, तर रोगी वेळीच उपचारास येईल.