घर हीच पहिली शाळा
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या समाजातील काही कुटुंबे हल्ली मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवू लागली आहेत. त्यास ‘होमस्कूलिंग’ म्हणतात. कोणाच्या मुलाची प्रकृती नाजूक असते, कोणाची नोकरी फिरतीची असते, तर कोणाचे मूल वर्गाच्या गतीत बसत नाही. अशा आईबापांना नातलगांकडून ‘मुलाचे वाटोळे करता आहात’ असे ऐकावे लागते. उभा जन्म शाळेत घालविलेल्या माझ्यासारख्याने त्यांची बाजू मांडावी, याचे कित्येकांना नवल वाटेल. तथापि शाळा आतून पाहिलेली असल्यामुळेच चार शब्द बोलण्याचा मला अधिकार आहे, असे मी समजतो.

चाळीस मुलांच्या वर्गात पस्तीस मिनिटांची तासिका असते. ती सर्वांना सारखी वाटली, तर एकेका मुलाच्या वाट्यास मास्तरांचे एक मिनिटही येत नाही. घरी आईने अर्धा तास जवळ बसविले, तरी तेवढे लक्ष त्या मुलास वर्गात दिवसभरात मिळणार नाही. ‘आम्ही पदवीधर नाही, मग शिकवणार कसे?’ असे पुष्कळ जण विचारतात. मी स्वतः मॅट्रिक आहे. प्राथमिक इयत्तांना विद्वत्तेपेक्षा नियमितपणा व धीर यांची गरज अधिक असते, हाच माझा अनुभव आहे.

घरचे शिक्षण ही परदेशातून आलेली नवलाई आहे, असेही मानू नये. अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले. त्या माउलीला दिवसा घरकामातून सवड होत नसे, म्हणून ती मुलीला पहाटे जागवून शिकवी. तीच मुलगी पुढे पंडिता रमाबाई झाली. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी तिचा गौरव केला आणि १८८९ साली तिने मुंबईत शारदा सदन काढले. रमाबाई लहानपणी शाळेत गेल्या नव्हत्या, पण त्यांच्या घरात विद्येचा नेम होता.

आता व्यवहाराच्या गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट वेळेची. सहासात वर्षांच्या मुलास रोज दीड ते दोन तास पुरे. दहा वर्षांपुढे तीन तास करावेत. वेळ मात्र ठरलेली असावी. पाहुणे आले, सण आला, म्हणून अभ्यास बुडाला की महिन्याभरात घडी विसकटते. घरात शाळेची नक्कल करून घंटा वाजविण्याचे कारण नाही.

दुसरी गोष्ट अभ्यासाची. रोज मोठ्याने वाचन, एक पान शुद्धलेखन, पाढे आणि तोंडी हिशेब ही चार कामे चुकवू नयेत. बालभारतीची पाठ्यपुस्तके तिच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात, तेव्हा खर्चाची अडचण नाही. दुधाचा महिन्याचा हिशेब, वाण्याची यादी, विजेचे बिल व एस.टी.चे वेळापत्रक हे मुलाच्या हाती द्यावे. अपूर्णांक समजत नसेल, तर भाकरीचे तुकडे करून दाखवावेत. फळ्यावर तासभर डोके फोडून जे उतरत नाही, ते ताटात चटकन उतरते.

तिसरी गोष्ट नोंदीची. तारीखवार रोजनिशी ठेवावी व जुन्या वह्या रद्दीत घालू नयेत. मूल पुढे शाळेत गेले, तर त्याची तयारी दाखविण्यास त्या उपयोगी पडतात. शिवाय मूल कोठे अडले आहे, हे आपले आपल्यालाच कळते.

चौथी गोष्ट सोबतीची. घरी शिकणाऱ्या मुलास सवंगडी हवेतच. रोज संध्याकाळी मैदान आणि आठवड्यातून एकदा वाचनालय, एवढा परिपाठ ठेवावा. हरणे, वाट पाहणे व दुसऱ्याचे ऐकणे हे धडे एकट्याने गिरवता येत नाहीत.

पाचवी गोष्ट बापांना उद्देशून आहे. शिकविण्याचा निर्णय दोघांचा आणि राबणे एकट्या आईचे, असे पुष्कळ घरांत दिसते. वडिलांनी किमान एक विषय आपल्याकडे घ्यावा. ते जमत नसेल, तर या वाटेने जाऊच नये.

कायद्याकडेही डोळेझाक करून चालणार नाही. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या मुलास जवळच्या शाळेत घालणे हे पालकांचे कर्तव्य सांगितले आहे. त्यात पालकांना शिक्षा सांगितलेली नाही. परंतु घरच्या शिक्षणास स्पष्ट मान्यताही दिलेली नाही. त्याच कायद्याने शाळेबाहेरच्या मुलास वयानुरूप वर्गात प्रवेशाचा हक्क दिला आहे. म्हणजे परतीचे दार उघडे आहे. मूल पुढे सरकत नाही असे दिसल्यास त्या दारातून नि:संकोच परत जावे. त्यात मानहानी कसली?

परीक्षेसाठी १९८९ साली स्थापन झालेली राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे. तिच्या माध्यमिक परीक्षेस किमान १४ वर्षे वय लागते व पाच विषय उत्तीर्ण व्हावे लागतात; ते एकाच वेळी देण्याची सक्ती नाही. राज्य मंडळाच्या दहावीस १७ नंबरचा अर्ज भरून खाजगीरीत्या बसता येते. त्यास शाळा सोडल्याचा दाखला मागतात, म्हणून पूर्वी शाळेत गेलेल्या मुलांचा दाखला जपून ठेवावा.

आणि दाखल्याचे महत्त्व आपल्या मंडळींना वेगळे सांगावयास नकोच. ज्यांना जातीचे प्रमाणपत्र व त्याची पडताळणी लागते, त्यांना शाळेच्या दाखल्यावरील नोंद किती मोलाची असते, हे ठाऊक आहे. घरी शिकलेल्या मुलापाशी असा दाखला नसेल. म्हणून त्याचा जन्मदाखला आणि वडील, आजोबा, चुलते यांचे शाळेचे दाखले आजच मिळवून जपावेत. मुलगा अठरा वर्षांचा झाल्यावर धावाधाव करण्यात अर्थ नाही.

शेवटी एक गोष्ट परखडपणे सांगतो. मुलाला शाळेत पाठवावयाचे आणि मुलीला ‘घरी शिकवतो’ म्हणून चुलीपाशी बसवावयाचे, असा प्रकार कोणी करू पाहील, तर त्यास गृहशिक्षण हे नाव देऊ नये. तो विद्येचा द्रोह आहे. मुलीची रोजनिशी, वह्या आणि परीक्षा मुलाइतक्याच काटेकोर असल्या पाहिजेत. तसे होत नसेल, तर तिला उद्याच शाळेत धाडावे, आणि तसे बजावण्याचे धैर्य शेजारी बसलेल्या ज्ञातिबांधवांनी दाखवावे.

मंडळास माझी विनंती आहे की, रविवारी सकाळी सभागृहाची एक खोली अशा मुलांसाठी उघडावी. समाजात निवृत्त शिक्षक थोडे नाहीत. प्रत्येकाने पाळीपाळीने दोन तास द्यावेत. मुलांना सोबत मिळेल, आईबापांना शंका विचारता येतील आणि आम्हा म्हाताऱ्यांचा खडू पुन्हा हाती येईल. पहिल्या रविवारी येण्यास मी तयार आहे.