अण्णांचा पूर्वी स्टार



आमच्या अण्णांना तुमच्यापैकी बरेच जण ओळखता. शाळेत येताना सायकलची चेन पडली की आमच्या फाटकाशी थांबायचात. ते हवाई दलात होते हेही माहीत असेल. पण 1971 च्या युद्धात ते नेमके कुठे होते, हे आम्हा मुलांनाही ठाऊक नव्हतं. विचारलं की एवढंच म्हणायचे, "नोकरी केली."

आईच्या शिवणाच्या डब्यात बटणांबरोबर दोन पदकं होती. संग्राम पदकाच्या कडेवर अण्णांचा क्रमांक आणि नाव कोरलेलं. दुसरा पूर्वी स्टार. पश्चिम आघाडीवरच्यांना पश्चिमी स्टार मिळाला, म्हणजे अण्णा पूर्वेला होते. पुढचं डिस्चार्ज बुकात सापडलं : आर्मामेंट फिटर, 22 स्क्वाड्रन. म्हणजे नॅट विमानं.

मग पुस्तकं वाचली. 22 नोव्हेंबर 1971. युद्ध अजून जाहीर व्हायचं होतं. या स्क्वाड्रनची चार नॅट दमदमहून उडाली आणि बोयराजवळ त्यांनी पाकिस्तानी सेबर विमानांना गाठलं. जेमतेम तीन मिनिटांची झुंज. सेबरचे दोन वैमानिक पॅराशूटने उतरले आणि पकडले गेले. त्यांतले परवेझ मेहदी कुरेशी पुढे त्यांच्या हवाई दलाचे प्रमुख झाले! आपल्या चारही वैमानिकांची नावं पुस्तकांत आहेत. तोफा भरणाऱ्यांची नाहीत.

माझ्या कामात प्रोग्रामची एक ओळ बदलली तरी कोणी, कधी बदलली याची नोंद राहते. विमानाचीही तशी नोंद असते, फॉर्म 700. काम करणारा सही करतो, मग वैमानिक सही करून विमान ताब्यात घेतो. मला ती सही हवी होती.

एका रविवारी युद्धाचा विषय न काढता मी विचारलं, "अण्णा, नॅटची तोफ भरायची कशी?"

चहा निवून गेला. दोन तोफा, 30 मिलिमीटरच्या एडन. प्रत्येकीला 115 गोळ्या. पट्ट्यातली एक कडी जरा तिरकी बसली की तोफ अडकणार. म्हणून कडी न् कडी बोटांनी चाचपायची. सांगताना बोटं टेबलावर फिरत होती. वय सत्त्याहत्तर, सकाळी गोळी घेतली का ते आठवत नाही, पण हे सगळं क्रमाने.

मग आपणहून म्हणाले, "मॅसीसाहेबांची एक तोफ त्या दिवशी मधेच बंद पडली."

हे पुस्तकातही आहे, एका वाक्यात. मॅसी उरलेल्या तोफेवर लढले आणि सुखरूप परतले.

"ती कोणी भरली होती?"

"कोणी म्हणजे? आम्ही." बराच वेळ गप्प राहिले. "साहेब काही बोलले नाहीत. पण त्या रात्री आम्ही सगळे पट्टे पुन्हा उलगडले."

बावन्न वर्षं हे त्यांनी आईलाही सांगितलं नव्हतं.

दिल्लीला सुब्रतो पार्कातल्या अभिलेख कार्यालयाकडे आम्ही अर्ज केला आहे, अण्णांच्याच सहीने. ज्यांचे वडील फौजेत होते त्यांनी पदकावरचा क्रमांक आजच उतरवून ठेवा.

अण्णा पुढच्या रांगेत बसले आहेत. चहाच्या वेळी जरूर भेटा. तोफेचं विचारा, युद्धाचं नको.