वीस महिन्यांत नऊ बछडे

आजचा विषय ऐकून काहींना हसू येईल. वाघांचं प्रजनन, आणि त्यातही वयाकडे झुकलेल्या वाघांचं. पण छत्रपती संभाजीनगरात राहणाऱ्याला हा विषय परका नाही. मध्यवर्ती बसस्थानकाजवळचं सिद्धार्थ उद्यान आपण सगळ्यांनी शाळेच्या सहलीत पाहिलंय, आणि हे छोटंसं, महापालिकेचं प्राणिसंग्रहालय वाघांच्या पिल्लांसाठी राज्यभर ओळखलं जातं.

इथल्या समृद्धी वाघिणीने एप्रिल २०१९ मध्ये चार बछड्यांना जन्म दिला. मग २५ डिसेंबर २०२० ला, भर कोरोनात, आणखी पाच. पेपरात ‘गोड बातमी’ म्हणून फोटो आले, व्हॉट्सॲपवर फिरले.

आता मी पडलो इंजिनिअर. दोन तारखा दिसल्या की वजाबाकी केल्याशिवाय चैन पडत नाही. वाघिणीचा गर्भकाळ साधारण साडेतीन महिने, म्हणजे १०५ दिवसांच्या आसपास. डिसेंबरमधून तेवढं मागे गेलं की सप्टेंबरचा दुसरा आठवडा येतो. तेव्हा आधीची पिल्लं साडेसोळा महिन्यांची होती. जंगलात वाघीण पिल्लांना दीड-दोन वर्षं सोबत ठेवते आणि तोवर सहसा पुन्हा माजावर येत नाही. पिंजऱ्यात मात्र पिल्लं कधी वेगळी करायची, नराला कधी आत सोडायचं, हे माणूस ठरवतो. वेळापत्रक तिच्या शरीराचं असतं, पण दाराची चावी आपल्याकडे.

आणि हे दार म्हणजे साधी गोष्ट नाही. वाघ एकटा राहणारा प्राणी. जंगलात नर-मादी भेटतात ते मोजक्या दिवसांसाठी, मग ती तिच्या वाटेने, तो त्याच्या. म्हणून प्राणिसंग्रहालयात आधी दोघांना शेजारच्या पिंजऱ्यांत ठेवतात, मध्ये जाळी. जाळीतून वास घेतात, नाकातून फुरफुर आवाज करतात. वाघांच्या भाषेत ती ‘रामराम’ म्हणायची पद्धत. मादी जमिनीवर लोळायला लागली, जाळीला अंग घासायला लागली की राखणदाराला कळतं. अंदाज चुकला तर मारामारी होते, आणि वाघाची मारामारी म्हणजे कुणाचा तरी जीवही जाऊ शकतो. शिवाय वाघिणीत बीज बहुतेक वेळा समागमानंतरच सुटतं. त्यामुळे दोघं दिवसातून कितीतरी वेळा एकत्र यावे लागतात. नुसतं शेजारी ठेवून भागत नाही.

आता वयाचं बघू. जंगलात दहा-बारा वर्षं जगला तरी वाघाचं बरं चाललं म्हणायचं. पिंजऱ्यात औषधपाणी आणि आयतं मटण मिळतं, म्हणून आयुष्य वाढतं. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातला पांढरा वाघ बाजीराव २०१९ मध्ये गेला तेव्हा १८ वर्षांचा होता. म्हणजे आपण वाघाला असं म्हातारपण दिलंय जे जंगलात त्याला क्वचितच मिळतं. या म्हातारपणात वाघिणीला एका दिवशी ‘आता बंद’ असं होत नाही. शक्यता हळूहळू घटते, पिल्लांची संख्या कमी होते. जिने आधी कधीच पिल्लं दिली नाहीत, तिचं उतारवयात पहिल्यांदा जमणं तर आणखी अवघड.

मग वाट पाहिली तर? याचं सगळ्यात वाईट उत्तर वाघात नाही, सुमात्रन गेंड्यात मिळतं. हाही एकटा राहणारा, आणि याच्यातही बीज समागमानंतर सुटतं. मलेशियात इमान नावाची मादी २०१४ मध्ये पकडून आणली. आधी वाटलं, गाभण आहे. निघाल्या गर्भाशयातल्या गाठी. मादीचा नराशी बराच काळ संबंध आला नाही की या जातीत अशा गाठी होतात, असं पशुवैद्यांचं म्हणणं. जंगलात गेंडेच इतके कमी उरले होते की जोडीदार मिळणार कुठून? २०१९ मध्ये मे महिन्यात टॅम हा नर गेला, नोव्हेंबरमध्ये इमान. मलेशियातला सुमात्रन गेंडा संपला.

आपल्याकडे बरोबर उलटा पेच आहे. पिल्लं होतात, जागा नाही. सिद्धार्थ उद्यानाची मान्यता केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने २०१८ मध्ये काढून घेतली होती. मग दिलासा मिळाला, पण जागेचा प्रश्न तसाच राहिला. वाढलेले वाघ दुसऱ्या शहरांना द्यायचे तर तिथेही रिकामा पिंजरा हवा आणि प्राधिकरणाची परवानगी हवी.

कुणी म्हणेल, गर्भनिरोधक द्या की! देतात. कातडीखाली बसवायच्या हार्मोनच्या गोळ्या कित्येक वर्षांपासून आहेत. पण त्यातल्या जुन्या प्रकाराचा संबंध मोठ्या मांजरवर्गीय प्राण्यांत स्तनांच्या कॅन्सरशी आणि गर्भाशयाच्या आजारांशी जोडला गेलाय. नवा प्रकार तुलनेने बरा, पण त्याचा असर संपून वाघीण पुन्हा माजावर कधी येईल हे छातीठोक सांगता येत नाही. तोवर तिची चांगली वर्षं निघून जातात. वेगळं ठेवणं हा उरलेला उपाय, आणि त्याला पुन्हा जागाच लागते.

कोणी कोणाशी जुळायचं, याची नोंदवही असते, स्टडबुक. भारतातली अशी काही स्टडबुक्स डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने तयार केलीत. कोडवाल्यांनो, ही गिट हिस्टरीच समजा. प्रत्येक कमिटला दोन पेरेंट, आणि एकाच ब्रँचमध्ये पुन्हा पुन्हा मर्ज केलं की बग साचतात. पांढऱ्या वाघांचं तेच झालं. १९५१ मध्ये रीवाच्या महाराजांनी मोहन नावाचा पांढरा बछडा पकडला, मग त्याची जोडी त्याच्याच मुलीशी, राधाशी लावली आणि १९५८ मध्ये पांढरी पिल्लं मिळाली. रंग दिसला, नातं कुणी बघितलं नाही.

म्हणून मला ‘पाच बछडे’ ही बातमी अर्धीच वाटते. आईचं वय किती, हे तिचं कितवं बाळंतपण, या पिल्लांना पुढे कुठे ठेवणार, हे त्याच बातमीत यायला हवं. एरवी आपण टाळ्या वाजवतो आणि वाघ मोठे झाल्यावर विसरतो.

मिटमिट्याला सफारी पार्क उभं राहतंय. तिथे जागा मोठी असणार, म्हणजे पिल्लांच्या बातम्याही वाढणार. पार्क पाहायला जाल तेव्हा एक गोष्ट विचारा: ज्या वाघिणीला आता पिल्लं होणार नाहीत, तिचा पिंजरा कुठला?

चला, पुढच्या भागात भेटू.